हुमले म्हणजे फायर अँट नव्हेत

संपादक महोदय, आंब्याच्या झाडावरच्या लाल मुंग्यांना परवाच्या बातमीत फायर अँट (डंख मारणाऱ्या वेगळ्याच मुंग्या) म्हटलंय, ते चुकीचं आहे. आमच्या कोकणात ह्यांना हुमले म्हणतात आणि शास्त्रीय नाव ईकोफायला स्मॅराग्डिना. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ मध्ये हिचं वर्णन केलं तेव्हा फॉर्मिका या प्रजातीतली म्हणून, पुढे १८६० मध्ये स्मिथ या कीटकशास्त्रज्ञाने ईकोफायला ही वेगळी प्रजाती केली, आणि त्यात आज जिवंत जाती दोनच, एक आफ्रिकेतली आणि दुसरी ही, जी भारतापासून थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलीये. स्मॅराग्डिना म्हणजे पाचूसारखी, आपल्याकडच्या लाल कामकरी बघून हे पटत नाही पण राणी खरंच हिरवट असते आणि ऑस्ट्रेलियात तर कामकरी मुंग्यांचं पोटही हिरवं असतं.

घरामागच्या कलमावर मी तासभर बघत उभा होतो, दहाबारा जणी पानाची कड दातात धरून ओढतायत आणि एक जण तोंडात आपल्याच घरट्यातली अळी धरून तिच्या रेशमाने दोन पानं शिवतेय! फायर अँट जमिनीत राहतात हो, अशी घरटी शिवत नाहीत. हुमले बागेतल्या कितीतरी किडी खातात, त्यामुळे नावाच्या घोळात कोणी घाबरून औषध मारू नये म्हणून कृपया दुरुस्ती छापा.

– एक वाचक, सिंधुदुर्ग