पोरगं हशासाठी थांबलं

अंबाजोगाई

प्रिय सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात. इतके महिने गप्प होतो त्याला कारण काहीच नाही, आळस.

आमच्या गल्लीच्या गणपतीपुढं पोरांचे कार्यक्रम झाले. मला नारळ देऊन परीक्षक केलं. नववीतल्या एका पोरानं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधला विमानातला तुकडा केला. पाठांतर चोख, शब्द इकडचा तिकडं नाही. मलाही ते सगळं पाठ आहे, कुणाच्या कॅसेटमुळं ते तुला माहीत आहे. (ती कॅसेट तुझ्या टेपनंच खाल्ली. माझं म्हणणं अजून तेच आहे.)

तर एका वाक्यानंतर पोरगं थांबलं. विसरला वाटलं. गडी पुन्हा सुरू, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, यानं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बघून बसवलंय! तिथं हशा आहे, लक्ष्मणराव देशपांडे हशा ओसरेपर्यंत थांबलेत, म्हणून हाही थांबतो. इकडं मांडवात बायाबापड्या शेंगा फोडत गप्प. मग लोक हसले ते भलत्याच जागी, तर तिथं हा थांबेना. पुढची दोन वाक्यं हशात वाहून गेली.

त्याची आजी पुढंच बसलेली. तो खाली उतरल्यावर म्हणाली, “कामून थांबायलास रं मधी मधी? लघवीला लागली व्हती का?” आता सांग, असं वाक्य, असा ठसका घरात फुकट मिळतोय आणि हा आपली बोली मोबाइलमधून शिकायलाय.

रात्री ते रेकॉर्डिंग मीही पाहिलं. मजा आली, खोटं कशाला बोलू. एकटा माणूस, 52 पात्रं. आवाज बदलायच्या आधी मान बदलते, हे मागच्या रांगेतून आपल्याला कधी दिसलं होतं? पण कॅमेऱ्याला समोरची माणसं दिसत नाहीत, त्यांचा नुसता गलका ऐकू येतो. आणि निम्मं नाटक तर तिकडंच चाललेलं असतं. म्हणून चित्रित नाटक ते नाटक नव्हे, यावरून तुझं-माझं नांदेडच्या गाडीत जे वाजलं होतं, त्यात मी तसूभर मागं सरकलेलो नाही.

पण पोराला सांगू काय? तालुक्याच्या स्पर्धेसाठी त्याला तयार करायचं माझ्या गळ्यात पडलंय. रेकॉर्डिंग बघू नको म्हणावं, तर त्यानं बघावं कुठं? लक्ष्मणराव 2009 मध्ये गेले, तेव्हा हा जन्मलाही नव्हता. इथं नाटक येतं कधी? म्हटलं, थांबू नकोस. तर तो गाडीसारखा सुटला, श्वासच घेईना. म्हटलं, लोक हसले की थांब. तर म्हणतो, “सर, नाही हसले तर?” यावर मी चहा मागवला.

‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आठवतं? 2012 चं नाटक, राजकुमार तांगड्यांनी लिहिलेलं. ती जालन्याकडची शेतातली पोरं कुणाचं बघून थांबत होती? तू तेव्हा म्हणालास, हे अभिनय करतच नाहीत. तीन स्टेशनं मी तुझ्याशी बोललो नव्हतो.

बाकी वाचन बरं चाललंय. रा. रं. बोराडे सर 2025 मध्ये गेले तेव्हा काढून ठेवलेली त्यांची ‘पाचोळा’ कादंबरी आत्ता संपली. 1971 चं पुस्तक, शिंप्याची बायको सांगत जाते, आणि कुठं थांबायचं ते आपलं आपण ठरवायचं. त्या पोराला मोठ्यानं वाचायला देऊन बघावं का? हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं. घरात सून ‘पंचायत’ ही हिंदी मालिका लावते. गाव उत्तर प्रदेशातलं म्हणून दाखवतात, चित्रीकरण मध्य प्रदेशातलं, पण पारावरच्या गप्पा आपल्याच. मी एका भागासाठी बसतो आणि जेवण गार होतं.

तुझ्या फ्लॅटची भानगड मिटली का? लेकीच्या नोकरीचं कळलं, पेढे पोचले नाहीत. वहिनींना नमस्कार.

स्पर्धा मार्गशीर्षात आहे, योगेश्वरीचं नवरात्रही तेव्हाच. येतो येतो म्हणतोस दरवर्षी. आलास तर पोराला तुझ्यापुढं उभा करतो, तालमीला एक तरी अनोळखी माणूस पाहिजे. तिकीट काढलंस की कळव.

तुझा,
बाळ्या