पुढच्या टीवर आपलाही चेंडू ठेवणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

नागपुरात गोल्फ शिकायला येणाऱ्या नवख्यांना तुम्ही ज्या आपुलकीने सांभाळता, त्याबद्दल हे जाहीर आभार.

तुमच्याकडे येण्याआधी यातले कितीतरी जण दुसरीकडून हिरमुसून परतले होते. तिथे पहिल्याच दिवशी हातात ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब (गोल्फची काठी). जवळपास ४५ इंचांचा दांडा आणि तोंडाला जेमतेम साडेदहा अंशांचा कल, नवख्याने तो आवरायचा कसा? चेंडू उजवीकडे झाडीत गेला की मागून एका दमात पाच सूचना, आणि वर बुटांकडे, कॉलरकडे रोखलेल्या नजरा. माणूस पुन्हा फिरकायचा नाही, आणि खापर त्याच्याच माथी.

तुम्ही सुरुवात उलट्या टोकाने केली. आधी पटर, म्हणजे चेंडू जमिनीलगत लोटायचा क्लब, होलपासून तीन फुटांवर. १०८ मिलिमीटरच्या होलमध्ये चेंडू पडल्याचा आवाज आधी ऐकू द्यायचा, मग दहा फूट, मग ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेवरून चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका. लांबचा फटका सगळ्यात शेवटी, तोही सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या क्लबने. चेंडूच्या डोक्यावर फटका का बसतो, हे तुमच्याइतकं सोपं करून कोणी सांगत नाही: चेंडू उचलायच्या नादात वजन मागच्या पायावर राहतं, क्लब चेंडूच्या आधीच तळ गाठतो आणि वर येता येता चेंडूला नुसता घासतो. उचलायचं काम क्लबच्या कलाचं, आपण वजन पुढच्या पायावर नेऊन खालीच मारायचं.

आपली काळी माती उन्हाळ्यात पाण्याविना दगडासारखी होते. तिच्यावर जाड तळाची वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायचा क्लब, आपटून उसळते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पळतो. तिथे तुम्ही ग्रीनबाहेरूनही बिनधास्त पटर काढायला लावता. यात कमीपणा कसला?

पण मनात घर करून बसलंय ते वेगळंच. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, मागे चार जण खोळंबलेले असतात, नवख्याचे हात थरथरत असतात. अशा वेळी तुम्ही त्याला थेट फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, ग्रीनपासून दीडशे यार्डांवर नेता, वाकून चेंडू ठेवायची छोटी खुंटी रोवता आणि शेजारी दुसरी खुंटी रोवून आपलाही चेंडू तिथेच ठेवता. मागच्या, लांबच्या टीवरून खेळायची तुमची ताकद सगळ्यांना ठाऊक आहे. तरी "आज आपण इथूनच" एवढंच म्हणता, आणि मागच्यांच्या नजरा अडतील असे उभे राहता. ज्याला येतं त्याने न येणाऱ्याची लाज राखावी, ही साधी माणुसकी मोठमोठ्या मैदानांवर का दिसत नाही, कोण जाणे.

आठ फटके झाले की "उचला, पुढे चला" हेही तुम्ही हसत सांगता. काही जुने खेळाडू नाक मुरडतात. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडावं: प्रत्येक होलला फटक्यांची कमाल मर्यादा ठेवून खेळणं २०१९ पासून रीतसर नियमांत आहे. हरवलेला चेंडू शोधायलाही आता पाचऐवजी तीनच मिनिटं. हँडिकॅपची, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीची, मर्यादा तर २०२० पासून स्त्री-पुरुष सगळ्यांना ५४. खेळाने दार उघडलंय, अडवणारी माणसंच आहेत.

पावसाळ्यानंतरच्या तुकडीसाठी आम्ही जुने सात नंबरचे आयर्न आणि पटर गोळा करतोय. मुलांसाठी मोठ्यांचे दांडे कापू नका. कापलेला दांडा ताठ होतो आणि डोकं त्यांना जडच राहतं. त्यांचे हलके क्लब आम्ही वेगळे आणून देऊ.

तुमचे,
रविवार सकाळचे जुने गडी