चौदा एप्रिलला जन्मलेल्या लेकीच्या बाबाला

ठाणे,
१९ एप्रिल

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

मुलगी झाल्याचं तुझं पत्र वाचून आईने आधी देवापुढे साखर ठेवली. वहिनी आणि बाळ दोघी सुखरूप आहेत, यासारखा आनंद नाही. तू विचारलंस, या तारखेला जगात आणखी काय काय घडलंय? बारशाच्या आधी उत्तर पोचावं म्हणून लगेच लिहायला बसलो.

बाबासाहेबांचं तुला वेगळं सांगायला नको. १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत जन्मलेलं, रामजी सुभेदारांचं चौदावं अपत्य. आमच्याकडे आदल्या मध्यरात्रीपासूनच जयंतीची धामधूम सुरू होते. मला त्यातला सर्वांत आवडतो तो अभ्यासिकांमधला उपक्रम, पोरं सलग अठरा तास वाचत बसतात तो. तुझी लेक मोठी झाली की तिलाही एखाद्या वर्षी बसव.

आता एक गोष्ट बघ. १८६५ साली याच तारखेला, गुड फ्रायडेच्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्यानंतर आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, कारण त्यांनी काळ्या माणसांना दास्यातून सोडवलं. त्याच जोतीरावांना बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्या बरोबरीने गुरू मानलं. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग, पण या माणसांमधलं नातं खरं आहे. मला तेच मोलाचं वाटतं.

टायटॅनिक हिमनगावर आदळली तीही १९१२ च्या चौदा एप्रिलच्या रात्रीच, बुडाली मात्र पंधराच्या पहाटे. त्या जहाजावर अ‍ॅनी फंक नावाच्या मिशनरी शिक्षिका होत्या. आजच्या छत्तीसगडातल्या जांजगीरला त्या मुलींची शाळा चालवत. आई आजारी असल्याचं कळल्यावर मुंबईहून बोटीने निघाल्या. पुढे इंग्लंडात कोळसा कामगारांच्या संपामुळे ठरलेलं जहाज सुटेना, म्हणून त्यांना टायटॅनिकचं तिकीट मिळालं. जहाज बुडताना जीवरक्षक नावेतली आपली जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली असं सांगतात. दोनच दिवसांपूर्वी त्यांचा अडतिसावा वाढदिवस झाला होता.

वाढदिवसांचं म्हणशील, तर शनीचा टायटन हा उपग्रह शोधणारे आणि लंबकाचं घड्याळ बनवणारे ख्रिस्तिआन हायगेन्स (१६२९) याच दिवशीचे, आणि दोनदा ऑस्कर मिळवणारा एड्रियन ब्रोडी (१९७३) हाही.

पण सुधीर, मला तुला सांगायचंय ते आपल्या मुंबईचं. १९४४ चा चौदा एप्रिल. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, शिवाय कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपं. असा माल एकत्र भरायचा नसतो हे माहीत असूनही युद्धाच्या घाईत भरला गेला. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाले आले, पाण्याचा मारा सुरू केला, पण आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. चारच्या पुढे पहिला स्फोट झाला, मग अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. धक्क्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. जळत्या कापसाने मांडवी-मस्जिद बंदर भागात आगी लागल्या. जहाजावरच्या सोन्याच्या विटाही उडाल्या. त्यातली एक एका पारशी गृहस्थांच्या घरात येऊन पडली आणि त्यांनी ती सरकारजमा केली. शेकडो माणसं गेली, त्यात गोदीतले कामगार किती तरी. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांना बरेच दिवस यातलं काही छापता आलं नाही.

अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी मेले. जहाजात काय भरलंय हे कळल्यावरही ते पाइप धरून उभे राहिले. देशभर चौदा ते वीस एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्यासाठीच. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तो नुकता संपलेला असेल. त्यांच्याबद्दल आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही याचं मला खरंच दुःख होतं. तुझ्या लेकीला तू सांग. केक कापायच्या आधी सांग, पाच मिनिटं पुरतात.

तारखेवरून पोरीचं भविष्य सांगणारे नातेवाईक भेटतीलच, त्यांचं मनावर घेऊ नकोस.

नाव ठरलं का? वहिनींनी सुचवलेलं मला जास्त आवडलं, पण आत्याबाईंचा मान आधी. मे महिन्यात मुंबईला आलात की आमच्याकडेच उतरा. वहिनींना नमस्कार, काका-काकूंना साष्टांग, बाळाला गोड पापा.

तुझा,
अविनाश