जुन्या बोटीला हात लावणाऱ्यांचे आभार

जुनी फायबरची मासेमारी बोट घरीच दुरुस्त करताना वाट दाखवणाऱ्या, नावंही ठाऊक नसलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिन लटकतं ती मागची फळी हातोडीने ठोकून बघा, बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलंय, हे सांगणाऱ्यांचे सर्वांत आधी. रंगाचं नंतर बघू, आधी फळी, हा त्यांचा हट्ट योग्यच होता. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने (सुकून टणक होणाऱ्या चिकट राळेने) भरायची, सुकल्यावर त्यातच पुन्हा पाडायची, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचत नाही, ही युक्ती तर लाखमोलाची! घासताना मास्क लावा म्हणून रागावणाऱ्या ताईंचेही आभार. फायबर घासताना उडणारी ती काचेची पूड अंगालासुद्धा भयंकर खाजते. आता ट्रेलरची बेअरिंगं उरलीत, त्यासाठी पुन्हा त्रास देणारच आहे.