दोष केवळ स्नायूंचा नाही

महोदय,

अंतराळवीरांना पृथ्वीवर परतल्यावर नीट चालता का येत नाही, याविषयी आपल्या रविवारच्या अंकात आलेला लेख वाचला. मात्र त्यात सारे कारण स्नायूंच्या अशक्तपणात शोधले आहे, ते अपुरे वाटते. आपल्या अंतःकर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात आणि गुरुत्वाकर्षणामुळे ते ज्या बाजूला झुकतात, त्यावरून डोके किती कलले आहे हे मेंदूला समजते. भारहीन अवस्थेत हा संकेत मिळेनासा झाल्याने मेंदू डोळ्यांवर अधिक विसंबू लागतो आणि परतल्यावर त्याला जुना हिशेब नव्याने मांडावा लागतो. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून परतलेल्या शुभांशु शुक्ला यांनी लॅपटॉप तरंगत राहील अशा समजुतीने पलंगाच्या कडेला सोडून दिला होता, हा त्यांनीच सांगितलेला प्रसंग स्नायूंच्या अशक्तपणाचा खचितच नव्हे.

माझ्या वृद्ध आईचा तोल अंतःकर्णाच्या विकाराने बिघडला आहे. दिवसा ती घरभर वावरते, पण रात्री वीज गेली की भिंत चाचपत दोन पावलेही जपून टाकते, कारण तिचाही सारा भरवसा डोळ्यांवरच असतो. मान वळवत चालण्यासारख्या साध्या व्यायामांनी तिला बराच उतार पडला. अशा व्यायामांची माहिती देणारा लेख तज्ज्ञांकडून लिहवून घेऊन आपण प्रसिद्ध करावा, ही विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सोलापूर