हिशेबाची वही उघडणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही हे ठाऊक असूनही मराठीतच लिहितेय. रविवारी घरी आले की माझ्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीत तुम्हाला ऐकवीनच. पण तुम्ही काय केलंत ते राजापूरच्या माझ्या माणसांना, नैरोबीतल्या मराठी ओळखीच्यांना आणि परमुलखात छोटा धंदा काढू पाहणाऱ्या कुणालाही कळावं, म्हणून हे असं उघड.

गटात मला घेतलंत, त्याबद्दल आधी आभार. वाचणाऱ्यांना सांगायला हवं की केनियातल्या मचाकोस, माकुएनी, किटुई या भागातले आम्ही छोटे शेतमाल-प्रक्रियावाले एका 'चामा'त आहोत. कुणी आंबा सुकवतं, कुणी मध गाळून भरतं, कुणी शेंगदाण्याचं लोणी करतं, कुणी शेवग्याच्या पाल्याची पूड. युगांडातले दोघे अननस सुकवतात. चामाची रीत आपल्या भिशीसारखीच: दर महिन्याला ठरलेली रक्कम एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, उशिरा येणाऱ्याला दंड, कर्ज हवं तर सभासदांची हमी. नव्या माणसाला आत यायचं तर जुन्या दोघांनी त्याच्यासाठी शब्द टाकावा लागतो. माझ्यासाठी पहिला तुम्ही टाकलात. दुसरा किटुईच्या मधवाल्या भाऊंनी टाकला, तोही तुम्ही टाकलात म्हणून.

हे सोपं नव्हतं. उकांबानीत, म्हणजे आमच्या या कांबा लोकांच्या मुलखात, आंब्याच्या हंगामात बाहेरून गाडी घेऊन येणारा माणूस म्हणजे दलाल, आणि तो मुहिंदी, म्हणजे भारतीय वंशाचा, असेल तर विचारायलाच नको. हा समज काही हवेतून आलेला नाही. दलाल बागेत शिरतो, वजनावर नाही तर नगावर भाव करतो, मोठी फळं उचलतो आणि बाकीची झाडाखाली सोडून जातो. 2017 मध्ये केनिया सरकारने इथल्या आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यता दिली खरी, पण बैठकीत माझ्याकडे वळलेल्या नजरा त्या राजपत्राने थोड्याच बदलणार होत्या. ही आपल्याकडून शिकेल आणि उद्या नैरोबीत कारखाना टाकेल, असं एकाने तोंडावर म्हटलं. तुम्ही चहाचा कप खाली न ठेवता म्हणालात, "टाकू दे की. आपला माल घ्यायला कुणीतरी होईल." सगळे हसले आणि माझं नाव वहीत चढलं.

खरे आभार मात्र दुसऱ्या वहीचे आहेत. आंबा तुम्हीही सुकवता आणि मीही. रीतसर बोलायचं तर आपण एकमेकींच्या स्पर्धक. तरी तुम्ही मला घरी बोलावून हिशेबाची वही माझ्यापुढे सरकवलीत. फळ किती, सोलायला-कापायला मजुरी किती, इंधन, पाकीट, लेबल, नैरोबीपर्यंतचं भाडं, एका काउंटीतून (म्हणजे जिल्ह्यातून) दुसऱ्या काउंटीत माल नेताना भरायचा सेस, सगळं ओळीने मांडलेलं. साधारण दहा-बारा किलो पिकलेल्या आंब्यातून एक किलो सुका माल निघतो, हे कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं. पण आंब्यापेक्षा पाकीट आणि वाहतूकच जास्त खाते, हे फक्त त्या वहीत होतं. धंदा कसा करावा यावरच्या दोन-तीन कार्यशाळांना मी त्याआधी जाऊन आले होते. मागे बॅनर, पुढे समोसे, शेवटी प्रमाणपत्र. स्वतःचा खरा आकडा कुणी उच्चारला नव्हता.

आंबोशी मला लहानपणापासून येते. कैरीच्या फोडी करायच्या, मीठ लावायचं आणि एप्रिल-मेच्या उन्हात कातळावर पसरायच्या. कोकणात पाऊस जूनमध्ये येतो, तोवर सगळं डब्यात गेलेलं असतं. इथलं गणितच वेगळं. झाडावर कैरी असते तेव्हाच, ऑक्टोबर ते डिसेंबर, छोटा पाऊस असतो, आणि आंबा त्यानंतर मार्चपर्यंत चालतो. ऊन पडलं तर पडलं. तुम्ही मला नैरोबीतल्या कामुकुंजीला, उघड्यावर पत्रा ठोकणाऱ्या जुआ काली कारागिरांच्या त्या ठणठणाटात घेऊन गेलात. उन्हावर चालणाऱ्या वाळवणीच्या पेटीला खालून भट्टी जोडून देणारा माणूस दाखवलात आणि घासाघीसही तुम्हीच केलीत, कारण मी तोंड उघडलं असतं तर भाव वर गेला असता. ढगाळ दिवशी खाली कोळशाच्या चुऱ्याच्या वड्या जळतात आणि वर फोडी सुकतात.

ओलाव्याच्या बाबतीत तुम्ही किती कडक आहात! गटाकडे आर्द्रता मोजायचं एकच यंत्र, ते घरोघर फिरतं, आणि बैठकीला आपापला नमुना आणला नाही तर उशिराच्या दंडापेक्षा मोठा दंड. सुरुवातीला मला हे जरा अतीच वाटायचं. मग कुणीतरी 2004 सालचं सांगितलं. त्या वर्षी माकुएनी, किटुई आणि आसपास ओलसर राहिलेल्या मक्यावर बुरशी चढली, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष लोकांच्या पोटात गेलं. 317 जण आजारी पडले आणि त्यातले 125 दगावले. आंबट फोडींना तो धोका मका-शेंगदाण्याइतका नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण शेंगदाणेवाली ताई जेव्हा कुरकुरते की एका किलोत अफ्लाटॉक्सिन दहा मायक्रोग्रॅमच्या आत ही मर्यादा फारच जाचक आहे, तेव्हा तुम्ही काही बोलत नाही, नुसतं यंत्र तिच्यापुढे करता. त्या वर्षाबद्दल तुम्हाला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

पाकिटांचंही सांगते. सुका आंबा हवेतला ओलावा ओढतो, म्हणून आतून चंदेरी थर असलेली जाड पाकिटं लागतात. छापील हवी असतील तर कारखाना हजारांच्या खाली बोलतच नाही, आणि आपल्यासारख्यांचा अख्ख्या हंगामाचा माल मिळूनही तेवढा नसतो. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून चालवावं, तर 28 ऑगस्ट 2017 पासून इथे तशा पिशव्यांना बंदी, आणि दंड कमाल 40 लाख शिलिंग. तुम्ही सगळ्यांना बिनछपाईची एकाच मापाची पाकिटं घ्यायला लावलीत. मध सोडून सगळ्यांचा माल त्यात जातो, वर आपापलं लेबल. मागणी एकत्र गेली आणि भाव उतरला. इतकी साधी गोष्ट, पण दोन बैठका निव्वळ मापावरून भांडण्यात गेल्या. शेवग्याच्या पुडीवाल्यांना लहान पाकीट हवं होतं, ते अजून धुसफुसतात.

परवान्यांबद्दल थोडक्यात: काउंटीचा परवाना, कामगारांची आरोग्य तपासणी, केब्सचं, म्हणजे केनियाच्या मानक संस्थेचं, मानचिन्ह. कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, हा क्रम तुम्ही मला एका दुपारी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलात. तो मी अजून भिंतीला लावून ठेवलाय.

आणि ती यादी! नैरोबीतलं कोणतं दुकान किती दिवसांनी पैसे देतं, कोण माल परत पाठवतं, कोण फोन उचलत नाही. ती गटाबाहेर जात नाही, म्हणून इथेही नाव घेत नाही. नाकुमाटसारखी सुपरमार्केटांची मोठी साखळी बुडाली आणि तिच्या घेणेकऱ्यांनी जानेवारी 2020 मध्ये ती गुंडाळायला मत दिलं, तेव्हा पुरवठादारांच्या किती रकमा अडकल्या हे इथे पोरालाही माहीत आहे. त्यामुळे एकाच सुपरमार्केटला सगळा माल उधारीवर द्यायचा नाही, हा आपल्या गटाचा नियम. मोठे पैसे नसतात, पण मी माझी कैरीची पूड नैरोबीतल्या नगारा आणि पार्कलँड्सच्या लहान किराणा दुकानांत रोखीने देते, ती याच नियमापायी. मोंबासाला तिखट-गोड 'अचारी' करणाऱ्यांकडे सुक्या फोडी पाठवायची कल्पनाही बैठकीतलीच. माझ्या डोक्यात ती आली नसती. मी आमटीच्या पलीकडे विचारच करत नव्हते.

सगळं सुटलंय असं मी म्हणत नाही. 2003 मध्ये केनियात पहिल्यांदा सापडलेली ती आशियाई फळमाशी अजून बागा पोखरते. तिच्यापायीच 2014 मध्ये युरोपला जाणारा आंबा थांबवावा लागला होता आणि तो 2021 पर्यंत सुरू झाला नव्हता. खंडभरचा मुक्त व्यापार 1 जानेवारी 2021 ला सुरू झाला म्हणतात, पण आपल्या युगांडावाल्यांना विचारा: त्यांना त्याहून जास्त उपयोग पडतो तो पूर्व आफ्रिकेच्या जुन्या साध्या सवलतीचा, 2000 डॉलरच्या आतला माल असेल तर सरहद्दीवरच्या बुसियाच्या नाक्यावर एका सोप्या फॉर्मवर काम होतं त्याचा. हेही त्यांनी गटातच शिकवलं. आणि बैठका फार लांबतात, मावशी. प्रार्थना, मग हिशेब, मग भांडण, मग जेवण. मुथोकोई, म्हणजे सडलेल्या मक्याची नि कडधान्याची उसळ, चविष्ट असते म्हणून मी बसते.

आईला फोनवर मी सांगते की इथे मला एक मावशी आहे. ती विचारते, आपल्यातली का गं? मी हो म्हणते.

आता कामाचं. पाकिटांचा माझा वाटा काल एम-पेसाने पाठवलाय, पोचल्याचं कळवा. पेटीवरचा प्लास्टिकचा कागद उन्हाने पिवळा पडलाय, छोट्या पावसाआधी बदलायला हवा. कामुकुंजीला कधी जाऊ या? बोलणी तुम्हीच करायची. आणि तुमच्या नातवाला आवडलेली ती मिठातली आंबोशी एक किलो वेगळी काढून ठेवलीय. तिचे पैसे वहीत लिहू नका.

तुमची,
मचाकोसची आंबोशीवाली