छेद विचारल्याशिवाय सही करू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कर्जाचे दोन प्रस्ताव आले आहेत, एक १० टक्के फ्लॅट आणि दुसरा घटत्या शिलकीवर १४ टक्के, असं तू लिहिलंस. फ्लॅट म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ मुद्दलावर, आणि घटत्या शिलकीवर म्हणजे जेवढं देणं उरलं तेवढ्यावरच. दहा हा आकडा लहान म्हणून तुझा कल पहिल्याकडे आहे. सही करायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बस. बेरीज आणि भागाकार एवढंच लागेल.

मुद्दल १२,००० धर, मुदत १२ महिने. फ्लॅट दराने व्याज १,२००, म्हणजे एकूण परतफेड १३,२०० आणि हप्ता १,१००. इथपर्यंत सगळं सरळ दिसतं. पण त्या हप्त्यात दर महिन्याला १,००० मुद्दल परत जातं. पहिल्या महिन्यात तुझ्याकडे कर्ज देणाऱ्यांचे १२,००० असतात, दुसऱ्या महिन्यात ११,०००, आणि शेवटच्या महिन्यात फक्त १,०००. पहिला आणि शेवटचा आकडा मिळवून निम्मे केले की सरासरी येते ६,५००. म्हणजे वर्षभर तू सरासरी ६,५०० वापरलेस आणि व्याज भरलंस १,२००. भागून बघ, साडेअठरा टक्के होतात. काटेकोर सूत्राने १८ येतात. दहा आणि अठरा यांतला सगळा फरक छेदात लपलेला आहे. ते १२,००० ने भागतात, तू ६,५०० ने भागायला हवंस.

आता दुसरा प्रस्ताव. ६,५०० चे १४ टक्के म्हणजे ९१०. प्रत्यक्ष हप्ता १,०७७ च्या आसपास बसेल आणि वर्षाचं व्याज ९३० च्या जवळ जाईल. मोठा दर असलेलं कर्ज स्वस्त निघालं. दर दहाच्या आसपास आणि मुदत एक ते पाच वर्षं असेल, तर फ्लॅट दराला १.७ ते १.८ ने गुणायचं आणि मगच दुसऱ्या दराशी तुलना करायची. तोंडी हिशेबाला एवढं पुरतं.

पण अजून सही नको. प्रक्रिया शुल्क कोणाचं किती आहे, ते तू लिहिलेलं नाहीस. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. १२,००० वर ते २४० होतात आणि हातात येतात ११,७६०. हे २४० सुद्धा त्याच ६,५०० वर पडतात, म्हणजे एका वर्षाच्या कर्जात दर जवळजवळ चार टक्क्यांनी चढला. चौदाचे अठरा झाले आणि दुसऱ्या प्रस्तावाचा फायदा जवळपास संपला. हेच शुल्क पाच वर्षांच्या कर्जावर असतं तर वर्षांवर पसरून हलकं झालं असतं. म्हणून शुल्क ऐकलं की मुदत विचारायची. मुदतीआधी फेडायचा विचार असेल, तर फ्लॅटवाल्यांकडून किती व्याज माफ होईल हे लेखी घे. तिथे व्याज पहिल्याच दिवशी मोजून ठेवलेलं असतं.

‘शून्य टक्के हप्ता’ हासुद्धा याच घरातला. १०० ची वस्तू रोखीने ९२ ला मिळते आणि हप्त्याने १०० ला, तर तू खरं म्हणजे ९२ उसने घेऊन ८ जास्त देतोस. १२ हप्त्यांत सरासरी शिल्लक ५० च्या आसपास राहते, म्हणून व्याज १५-१६ टक्के पडतं. रोखीचा भाव विचारल्याशिवाय शून्यावर विश्वास ठेवायचा नाही.

सवलतींचं थोडक्यात सांगतो. आधी २० टक्के आणि वर आणखी १० टक्के सूट मिळाली तर एकूण सूट २८ होते, ३० नाही, कारण दुसरी सूट उरलेल्या ८० वर मिळते. तोच भाव ठेवून माल १० टक्के कमी केला, तर वस्तू ११ टक्के महाग झाली.

गाडीचं विचारलंस, त्यात फसगत वेगळी आहे. लिटरमागे किती किलोमीटर, या आकड्यात इंधन छेदात जातं आणि मन चुकतं. महिन्याला १,२०० किलोमीटर धर. लिटरला १० देणारी गाडी १२० लिटर पिते, १२ देणारी १०० लिटर. वाचले २० लिटर. आता २० देणारी गाडी काढून ३० देणारी आणलीस तर ६० चे ४० लिटर होतात. तिथेही २०च वाचले. दोनच्या सुधारणेने जेवढं वाचलं तेवढंच दहाच्या सुधारणेने! म्हणून घरात दोन गाड्या असतील आणि दोन्हींचं धावणं सारखं असेल, तर आधी जास्त पिणारी बदल. आणि तुलना नेहमी ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ अशी मांड, म्हणजे सरळ वजाबाकी करता येते.

वेगाचंही तसंच. ६० किलोमीटरचं अंतर ताशी ६० ने एक तासात, ८० ने ४५ मिनिटांत, १०० ने ३६ आणि १२० ने ३० मिनिटांत कापलं जातं. पहिल्या वीसने १५ मिनिटं वाचली, शेवटच्या वीसने फक्त ६. उलट ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, ६० चे १२० झाले की चौपट. या ६ मिनिटांसाठी कृपा करून घाई करू नकोस.

आजाराच्या तपासणीचा अहवाल हाती आला तरी ‘छेद कोणता’ हाच प्रश्न विचार. हजारात एकाला होणारा आजार धर, आणि निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून ‘आहे’ सांगणारी तपासणी. हजार जणांत खरा रुग्ण एक, खोटी घंटा वाजणारे सुमारे ५०. म्हणजे ‘आहे’ असं ऐकणाऱ्या ५१ जणांत आजारी एकच. हे लक्षणं नसताना सरसकट केलेल्या तपासणीबद्दल आहे. लक्षणं असतील तर छेदच बदलतो, आणि तेव्हा अहवाल हलक्यात घ्यायचा नाही. दोन्ही वेळी पुढची खात्रीची तपासणी करायचीच, फक्त मधल्या रात्री झोप उडवून घ्यायची नाही.

चुका बहुतेक भागाकारात होत नाहीत, एककांत होतात. महिना २ टक्के व्याज वर्षाला २४ वाटतं, पण व्याजावर व्याज चढलं की २६.८ होतं. आकडे लिहिताना प्रत्येकासमोर ‘महिना’ की ‘वर्ष’ हे लिहायची सवय लाव.

आता दोन्ही प्रस्तावांचे तीन-तीन आकडे मला कळव: सगळं कापून हातात किती येणार, हप्ता किती, आणि हप्ते किती. टक्के लिहू नकोस, ते आपण काढू.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
मित्र